इंजिन खोलून ठेवलंय आणि तारीख रोज पुढे जातेय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाडी गरम झाली, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा मुख्य भाग म्हणजे ब्लॉक, या दोघांमधलं पातळ पॅकिंग) उडाली, गॅरेजवाल्याने पूर्ण इंजिनकाम निघेल म्हणून सांगितलं. बारा दिवसांत देतो म्हणाला, तुम्ही अंदाजाच्या निम्मे पैसे आगाऊ दिले. आज 47 वा दिवस. इंजिन खोललेलं आहे, माणूस गोड बोलतो, विचारलं की ‘परवा नक्की’ म्हणतो आणि परवा उजाडला की फोन उचलत नाही. तुम्ही विचारलंय, भांडू, गाडी उचलून दुसरीकडे नेऊ, की अजून थांबू?

मी 26 वर्षं इंजिनाचंच काम करतोय, त्यातली 19 स्वतःच्या गॅरेजात. तारखा मीही दिल्या आहेत आणि त्यातल्या काही चुकवल्याही आहेत. त्यामुळे पलीकडच्या बाजूला काय चाललेलं असतं ते मला आतून माहीत आहे, तेच सांगतो.

उशिराचा त्रास खरा आहेच. पण तुमची मोठी अडचण वेगळी आहे. तुमची गाडी आत्ता नेमकी कोणत्या अवस्थेत आहे हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्या प्रश्नात तारखा पाच-सहा वेळा आल्या आहेत, पण पिस्टन आले का, ब्लॉक कुठे आहे, हेडचं काय झालं, यातलं काहीच नाही. हे कळल्याशिवाय भांडणं, उचलणं आणि थांबणं हे तिन्ही निर्णय अंधारातले आहेत. काम अमुक ठिकाणी अडलं असेल तर थांबणं शहाणपणाचं, तमुक ठिकाणी अडलं असेल तर आजच उचलणं शहाणपणाचं. म्हणून आधी तारीख विचारणं थांबवा आणि काम कुठे अडलंय ते शोधा.

‘गाडी कधी मिळेल’ या प्रश्नाला ‘परवा’ हे उत्तर देता येतं आणि ते द्यायला काहीच लागत नाही. ‘पिस्टन कोणत्या मापाचे मागवले’ या प्रश्नाला ‘परवा’ हे उत्तर देता येत नाही.

आधी ती बारा दिवसांची तारीख आली कुठून ते समजून घ्या. ती इंजिन उघडण्याआधी दिलेली होती, म्हणजे तो निव्वळ अंदाज होता. इंजिनकामाचा क्रम असा असतो: इंजिन उतरवायचं, खोलायचं, धुवायचं, मग मापं घ्यायची. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) वाक बघायचा. बऱ्याच इंजिनांत हेडचा वाक शतांश मिलिमीटरमध्ये मोजतात, 0.05 मिलिमीटरच्या आसपास गेला की फेस मारायची, म्हणजे मशिनवर घासून ती बाजू सपाट करायची, वेळ येते. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, किती खाल्लाय, तो गोल राहिलाय का लंबगोल झालाय, पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतात त्या गोल भागांवर, ओरखडे आहेत का, हे सगळं मोजल्यावरच कळतं की पिस्टन स्टँडर्ड चालतील की 0.25 मिलिमीटर मोठे लागतील की 0.50. क्रँक ग्राइंड करायची ठरली तर बेअरिंगही त्याच मापाची मागवायची. म्हणजे मापं झाल्याशिवाय सामानाची यादीच बनत नाही, आणि यादी नसताना दिलेल्या तारखेला आधार नसतो. प्रामाणिक कारागीरसुद्धा पहिल्या दिवशी खरी तारीख देऊ शकत नाही. ‘उघडून मापं घेतो आणि मग सांगतो’ असं म्हणायचं धाडस मात्र त्याच्यात असायला हवं. तुमच्या माणसाने ते केलं नाही, ही त्याची पहिली चूक. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल या भीतीने आम्ही जवळची तारीख सांगतो, हे मी मान्य करतो.

चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनाचं हातातलं काम माझ्याकडे तीन ते चार दिवसांचं असतं. बाकीचे दिवस वाट बघण्यात जातात. म्हणून 47 दिवस माणूस तुमच्या इंजिनावर राबतोय असं समजू नका. इंजिन कशाची तरी वाट बघत पडलेलं आहे. कशाची, ते शोधायचंय.

पहिली शक्यता स्पेअरची. जुन्या किंवा कमी खपाच्या गाडीचे पिस्टन-रिंग, बेअरिंग मिळायला खरंच वेळ लागतो, आणि एक बेअरिंगचा सेट आला नाही म्हणून सगळं इंजिन अडून बसतं. हे कारण खरं असेल तर त्याचा पुरावा असतो: ऑर्डर केल्याची पावती, दुकानदाराशी झालेले मेसेज, पार्ट नंबर. ‘बघू बरं कोणता पार्ट नंबर मागवलाय’ असं सहज विचारा. ज्याने मागवलाय त्याला तो शोधायला दोन मिनिटं लागतात. पार्ट नंबर हातात आला की तुम्ही स्वतःही चार ठिकाणी चौकशी करू शकता. माझ्याकडे अडलेला सामानाचा पेच गिऱ्हाइकाने सोडवल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय. त्याच्याकडे वेळ असतो आणि गरजही त्याचीच असते.

दुसरी शक्यता लेथची. बहुतेक गॅरेजात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची मशिनं नसतात, ते काम बाहेर लेथवाल्याकडे जातं. ‘ब्लॉक लेथवर आहे’ हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वापरलं जातं, कारण ते तपासायला कोणी जात नाही. ते तपासायची एक खूण सांगतो. चांगला लेथवाला नवे पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारत नाही. तो प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजतो आणि त्या पिस्टनला हवी तेवढी जागा ठेवून त्या सिलिंडरचा बोअर करतो. म्हणून ‘ब्लॉक लेथवर आहे’ असं ऐकलं की पुढचा प्रश्न हा विचारा: ‘पिस्टन त्यांच्याकडे पोचले का?’ पिस्टन अजून आलेच नसतील, तर ब्लॉक लेथवाल्याच्या कोपऱ्यात नुसता पडलेला आहे, आणि तुमचं काम लेथवर नाही, सामानावर अडलंय. गॅरेजवाल्याला विचारून एकदा लेथवाल्याकडेही जाऊन या. तिथे मशिनवर बसणारा माणूस सहसा सरळ सांगतो, कारण तारीख त्याने तुम्हाला दिलेली नसते.

तिसरी शक्यता रांगेची. ही मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण माझ्या हातून झालेलं आहे. गॅरेज सुरू करून तीनेक वर्षं झाली होती. एका गिऱ्हाइकाचं हेड फेस मारून, व्हॉल्व्ह लॅप करून, म्हणजे आपापल्या सीटवर घासून नीट बसवून, तयार होतं, सामान सगळं आलेलं होतं. मी ते हेड स्वच्छ फडक्यात गुंडाळून टेबलाखाली ठेवलं आणि म्हटलं उद्या बांधू. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लचप्लेटची एक गाडी आली, मग ब्रेकची आली. ही कामं संध्याकाळी पूर्ण होतात आणि संध्याकाळीच पैसे देऊन जातात. इंजिन बांधायला दीड दिवस एकाग्र बसावं लागतं आणि त्या दीड दिवसात दुसरा एक पैसाही येत नाही. असं करत ते हेड अकरा दिवस टेबलाखाली राहिलं. मला वाईट हेतू नव्हता. रोज सकाळी ते फडकं दिसायचं आणि रोज मी स्वतःला उद्या म्हणायचो. गिऱ्हाईक फोन करायचा तेव्हा मीही ‘दोन दिवसांत’ म्हणायचो, आणि ते म्हणताना मला खरंच तसं वाटायचं.

अकराव्या दिवशी तो माणूस स्वतः आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, ‘मला फक्त दाखवा, काय बाकी आहे.’ मी फडकं काढून हेड दाखवलं. तो म्हणाला, ‘हे तर तयार दिसतंय. मग कशासाठी थांबलंय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी बाहेरच्या दोन गाड्या परत पाठवून मी इंजिन बांधायला घेतलं. तो ओरडला असता तर मी कारणं सांगितली असती, सामानावर ढकललं असतं. त्याने बघायला मागितलं आणि माझी सगळी कारणं संपली. तुम्हाला मी हेच करायला सांगतोय.

चौथी शक्यता पैशाची, आणि तुमच्या बाबतीत मला हिचा संशय आहे. तुमची आगाऊ रक्कम दुसऱ्या कुणाच्या सामानात गेली असेल आणि तुमचं सामान तिसऱ्या कुणाच्या पैशाची वाट बघत असेल. लहान गॅरेज बऱ्याचदा असंच फिरवाफिरवीवर चालतं. खूण अशी की सामान ‘येतंय, येतंय’ असं ऐकू येतं, पण पावती एकही दिसत नाही, आणि बोलताबोलता अजून थोडे पैसे मागितले जातात. इथे माझा सल्ला ठाम आहे: काम लवकर व्हावं म्हणून हातात आणखी रोख देऊ नका. त्याऐवजी म्हणा, ‘पिस्टनचं बिल किती होतंय? दुकानदाराला मी थेट देतो, बिल माझ्या नावावर घ्या, उरलेल्या रकमेतून वजा करा.’ ज्याची अडचण खरंच पैशाची आहे तो सुटकेचा श्वास टाकून हो म्हणेल. जो आढेवेढे घेईल त्याची अडचण आणखी काहीतरी आहे, आणि सामान तुमच्या नावावर असल्याने उद्या गाडी उचलायची वेळ आली तरी ते तुमचंच राहतं.

पाचवी शक्यता सगळ्यात वाईट: काहीतरी मोडलंय आणि सांगायचा धीर होत नाही. हेडचा बोल्ट काढताना ब्लॉकमध्ये तुटला, आटे गेले, पोराच्या हातून कॅमशाफ्टची कॅप पडून चिरली. किंवा ब्लॉकमध्येच तडा निघाला, ज्यात त्याची चूक नाही, पण तुमचा अंदाज दुप्पट होणार म्हणून तो सांगायचं टाळतोय. याची खूण म्हणजे कारणं दर वेळी बदलतात, आणि बघायला येतो म्हटलं की ‘कशाला त्रास घेता’ असं ऐकू येतं. अशा वेळी वाट तुम्हीच मोकळी करून द्यायची. ‘काही तुटलं असेल तर सांगून टाका, मार्ग काढू. न सांगता बांधलेलं मला नको.’ हे वाक्य मी माझ्याकडच्या पोरांना रोज सांगतो, आणि तुम्ही ते गॅरेजवाल्याला सांगितलंत तर त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तुटलेला बोल्ट काढता येतो, गेलेल्या आट्यांत इन्सर्ट बसवता येतो. लपवलेला दोष मात्र रस्त्यात गाठतो.

आता प्रत्यक्ष जायचं कसं. फोन करू नका, जा. सकाळी गाड्या आत घ्यायची धांदल असते, संध्याकाळी डिलिव्हरीची, म्हणून दुपारी जा. सोबत टॉर्च न्या आणि तासभर मोकळा ठेवा. पहिलं वाक्य तक्रारीचं नको. ‘आज भांडायला आलो नाही. माझं इंजिन कुठे काय अवस्थेत आहे ते एकदा दाखवा, मग मी तुम्हाला रोज फोन करणार नाही.’ याला नाही म्हणणं अवघड असतं.

मग एकेक वस्तू बघा. ब्लॉक, क्रँक, हेड, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, कॅमशाफ्ट, आणि बोल्ट-नट. सगळं एका जागी, झाकून, शक्यतो डब्यांत किंवा पिशव्यांत नावं घालून ठेवलेलं असेल तर तो माणूस कारागीर आहे, उशीर करणारा असला तरी. दोन गाड्यांचे बोल्ट एकाच डब्यात, हेड जमिनीवर उपडं, रॉडच्या कॅपा (क्रँकभोवती बसणारे रॉडचे सुटे अर्धे भाग) विखुरलेल्या, असं दिसलं तर काळजी करा. कनेक्टिंग रॉडची कॅप त्याच रॉडची असावी लागते, कारण ती दोघं जुळवून एकत्र यंत्रावर केलेली असतात. मेन बेअरिंगच्या कॅपा एका ओळीत बोअर केलेल्या असतात, त्यांची जागा आणि दिशा बदलून चालत नाही. जुने व्हॉल्व्ह परत बसवायचे असतील तर ज्या सीटवर लॅप केले तिथेच जायला हवेत. यावर खुणा आहेत का, नंबर टाकलेत का, हे विचारा. त्यात तज्ज्ञ असायची गरज नाही. उत्तर देणारा पटकन खूण दाखवतो का इकडे-तिकडे शोधत बसतो, एवढं बघितलं तरी पुरे.

ब्लॉक लेथवरून परत आलेला असेल तर बोअरच्या आत टॉर्च मारा. ओतीव लोखंडाच्या बोअरवर होनिंग, म्हणजे घासदगडाने शेवटचं बारीक घासकाम, केलेलं असतं तेव्हा एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा दिसतात. त्या रेघा तेल धरून ठेवतात आणि नव्या रिंगा त्यांच्यावरच घासून बसतात. होनिंग केल्यावर बोअर साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून लगेच तेल लावायचं असतं. तेल न लावता ठेवला तर दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस गंज धरतो. रेघांवर तांबूसपणा दिसला तर गप्प बसू नका. गंज हलका असेल तर परत होन मारून जातो, पण तो आत्ताच बघायला हवा. पिस्टन आत गेल्यावर कुणालाच दिसणार नाही.

फोटो काढा, परवानगी घेऊन. आणि तिथून निघायच्या आधी, समोर बसूनच, मेसेज लिहून पाठवा. साधारण असा: ‘आज पाहिलं त्याप्रमाणे ब्लॉक लेथवर आहे, 0.50 मापाचे पिस्टन आले आहेत, बेअरिंग यायची आहेत. तुम्ही सांगितल्यानुसार बेअरिंग बुधवारी, ब्लॉक शुक्रवारी येईल, पुढच्या मंगळवारी इंजिन बांधून होईल. काही बदललं तर त्या दिवसाच्या आधी कळवा. मी शुक्रवारी दुपारी येतो.’ यात धमकी नाही, शेवटची एकच मोठी तारीखही नाही. छोटे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांनी बघता येण्यासारखा आहे. मोठी तारीख चुकली की तुम्हाला शेवटच्या दिवशी कळतं. टप्पा चुकला की दोन दिवसांत कळतं.

टप्पा चुकणं आणि न सांगता चुकणं यात मी फरक करतो. बुधवारी सकाळी त्याचा फोन आला, ‘बेअरिंग आली पण माप चुकीचं आलं, परत पाठवलीत’, तर त्या माणसासाठी थांबा. असं आमच्याकडे खरंच होतं. तुम्ही शुक्रवारी पोचलात आणि तिथे कळलं की बुधवारी काहीच आलं नाही, तर एकदा स्पष्ट सांगा. दुसऱ्यांदा तसंच झालं तर गाडी उचला.

उचलायचं की नाही हे मात्र अवस्थेवर फार अवलंबून आहे, आणि इथे मी सरसकट सल्ला देणार नाही. नुसतं खोलून ठेवलंय, सामान आलेलं नाही, अशा अवस्थेत हलवणं सगळ्यात सोपं. लेथचं काम होऊन आलंय, सामान पूर्ण आहे, फक्त बांधायचं राहिलंय, अशा वेळी शक्य तितकं तिथेच बांधून घ्या. अर्धवट बांधलेलं इंजिन हलवणं सगळ्यात वाईट, कारण दुसरा कोणताही शहाणा कारागीर पहिल्याने घट्ट केलेल्या बोल्टवर भरवसा ठेवत नाही. तो परत सगळं खोलतो, आणि त्याचे पैसे तुम्ही देता. त्यात काही इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच ताणून वापरायचे असतात, म्हणजे ते आणि गॅस्केट पुन्हा नवे. दुसऱ्याने खोललेलं इंजिन घ्यायला मी स्वतः नाखूश असतो, कारण काय आधीच गहाळ होतं आणि काय माझ्याकडे गहाळ झालं याचा हिशोब लागत नाही. म्हणून उचलण्याआधी पुढचा माणूस ठरवा, त्याला खरी अवस्था सांगा, फोटो दाखवा, आणि तो हो म्हणाला तरच पाऊल उचला.

उचलताना यादी करा. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत मेन बेअरिंगच्या पाच कॅपा आणि रॉडच्या चार कॅपा असतात. त्या मोजून घ्या. प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याच्या शिम किंवा टॅपेट, वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर. जुने पिस्टन आणि जुनी बेअरिंगसुद्धा घ्या, त्यावरून पुढच्याला इंजिन का गेलं ते वाचता येतं. सेन्सर, वायरिंगचे क्लिप, माउंटिंगचे बोल्ट, गाडीची किल्ली, कागद. ब्लॉकवरचा इंजिन नंबर गाडीच्या कागदाशी ताडून बघा. लेथवाल्याकडे काही राहिलंय का ते विचारा. खाली दोघांच्या सह्या.

आणि पैशाचं. बऱ्याच देशांच्या कायद्यांत दुरुस्ती करणाऱ्याला झालेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवायचा हक्क असतो. म्हणून दंडेली करून गाडी नेऊ नका, त्याने तुमचीच बाजू कमजोर होते. खोलण्याची मजुरी, लेथचं बिल, आणलेलं सामान याचा हिशोब मांडा, आगाऊ रकमेतून वजा करा. थोडं कमी-जास्त झालं तर सोडून द्या. गाडी तुमच्या दारात आल्यावर उरलेल्या पैशासाठी भांडता येतं, तक्रारही करता येते. गाडी त्याच्याकडे असताना तक्रारीची धमकी देऊ नका. इंजिनात तुम्हाला कधीच न दिसणारे शेकडो बोल्ट असतात आणि ते चिडलेल्या हाताने आवळले जावेत असं मला वाटत नाही.

थांबायचं ठरलं तर एक गोष्ट जिवापाड जपा. झालेल्या उशिराची भरपाई घाईने करून घेऊ नका. मला एकदा एका गिऱ्हाइकाने असंच धरलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला लांब जायचं होतं. रात्री हेड बसवताना ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत तेल साचलेलं होतं. बऱ्याच इंजिनांत ती भोकं तळाशी बंद असतात. कॉम्प्रेसरची हवा मारून ती कोरडी करायला वीस मिनिटं लागतात, ती मी वाचवली. तेलावर बोल्ट अडकतो, टॉर्क रेंच ‘टक’ करून सांगतो की पुरे झालं, पण गॅस्केट पूर्ण दाबलेलीच नसते. तिसऱ्या आठवड्यात ती गाडी पाणी पीत परत आली. नशीब म्हणून ब्लॉक चिरला नव्हता, तसंही होऊ शकतं. मी ते काम पुन्हा फुकट केलं, पण त्या माणसाचे आणखी सहा दिवस गेले. म्हणून शेवटच्या टप्प्यावर तुम्हीच त्याला सांगा: ‘47 दिवस थांबलोय, अजून दोन थांबतो, पण टॉर्क रेंच लावून, क्रमाने, धीराने बांधा. सीलंट वाळायला लागतो तेवढा वेळ द्या.’ बऱ्याच सीलंटना पूर्ण वाळायला 24 तास लागतात. हे ऐकलेला कारागीर तुमचं काम मन लावून करतो, हा माझा अनुभव आहे. पैसे कमी करा हे इंजिन सुरू होण्याआधी बोलू नका. झाल्यावर बोला, आणि पैशाऐवजी हजार किलोमीटरनंतरचं तेल-फिल्टर त्याच्याकडून मागा. त्या निमित्ताने तोच माणूस इंजिन पुन्हा एकदा तपासतो.

डिलिव्हरीही त्याच संध्याकाळी घेऊ नका. इंजिन गरम करून, पंखा लागेपर्यंत चालवून, रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी तुमच्यासमोर थंड सुरू करायला सांगा. पाणी किती उतरलं, तेल कुठे पाझरलंय का, पहिल्या क्षणी कसला आवाज येतो, हे थंड इंजिनच सांगतं.

मधल्या काळात उभ्या गाडीकडेही बघा. बॅटरीची केबल काढलीय का, टायरांत हवा आहे का, काचा बंद आहेत का. दीड महिन्यात बॅटरी उतरते आणि मग तो एक खर्च विनाकारण वाढतो.

तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर म्हणजे या आठवड्यात भांडू नका, उचलूही नका, आणि घरी बसून वाटही बघू नका. दुपारी टॉर्च घेऊन जा. पिस्टनचं माप विचारा, ब्लॉक आलेला असेल तर बोअरमध्ये बोट फिरवा, आणि बोटाला तेल लागलं की तांबूस गंज लागला ते मला लिहा. पुढचं मी त्यावरून सांगतो.